छत्तीस पाय

जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळच्या ठाणे-पनवेल लोकलच्या एका तरी डब्यात ओल्या बुटांचा वास असतोच. पाठीवरच्या बॅगेला नाडीने बांधलेले फुटबॉलचे बूट, तळव्यावरच्या खुंट्यांच्या, म्हणजे स्टडच्या खाचेत बसलेली लाल माती, नडगीवर वाळून पांढुरका झालेला चिखल. सीट खराब होईल म्हणून जागा असूनही पोरं दारापाशी उभी असतात. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत एकेक जण उतरत जातो. कॉलेज जूनमध्ये उघडतं, जुलैत संघ निवडायला घेतात, सराव भर पावसात होतो आणि सामने थेट परतीच्या पावसापर्यंत चालतात. आपल्या भागात कॉलेजचा फुटबॉल हा पावसाळी खेळ आहे. त्यातल्या यशापयशाचं निम्मं उत्तर या एका गोष्टीत दडलेलं आहे, असं मला वाटतं.

संघ विजेता ठरला की कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. मध्यभागी चषक, वर प्राचार्य, आणि अंतिम सामन्यात गोल मारणाऱ्याचा फोटो जरा मोठा. तो मान त्याचाच आहे. पण असा मोसम जवळून पाहिला की लक्षात येतं, तो पायांवर उभा असतो, अगदी शब्दशः. अठरा मुलांचा संघ म्हणजे छत्तीस पाय. पहिल्या सामन्याला त्यातले किती धड होते आणि अंतिम सामन्याला किती उरले, हा हिशेब जो संघ नीट ठेवतो तो बहुतेक वेळा शेवटपर्यंत पोचतो. कौशल्य, डावपेच, जिद्द हे सगळं लागतंच. पण त्या सगळ्याचं ओझं शेवटी घोटा, टाच, अंगठ्याचं नख आणि दोन बोटांमधली कातडी यांच्यावरच येतं.

बाद पद्धतीचं गणित साधं आहे. ३२ संघ असतील तर चषकापर्यंत पाच सामने, ६४ असतील तर सहा. साखळी स्पर्धेत एखादी वाईट दुपार पुढच्या आठवड्यात भरून काढता येते, इथे ती सोय नाही. वर पावसामुळे सामने पुढे ढकलले जातात आणि मग उरलेले सगळे एकमेकांना चिकटतात. आज खेळलो, परवा परत. म्हणजे पहिल्या सामन्यात मुरगळलेला घोटा बरा व्हायला जेवढे दिवस लागतात, तेवढ्यात सगळी स्पर्धाच उरकते. विजेत्या संघाला अकरा चांगले खेळाडू पुरत नाहीत. बारावा, चौदावा, सतरावाही त्याच दिवशी उभा राहू शकेल असा लागतो.

याचा दाखला नवी मुंबईनेच पाहिला आहे. २०२२ सालचा महिलांचा आशियाई चषक. २३ जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताचा चायनीज तैपेईशी सामना होता. कोविडने संघ पोखरला, नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूसुद्धा उभ्या करता आल्या नाहीत, सामना झालाच नाही आणि भारत स्पर्धेतून बाहेर गेला. यजमान देश, घरचं मैदान, आणि पाय कमी पडले. मग ६ फेब्रुवारीला त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० ने पुढे होता. उत्तरार्धात चीनने दोन्ही गोल फेडले आणि भरपाईच्या वेळेत बदली खेळाडू शाओ युयीने तिसरा मारला, ३-२. ज्या पायांनी चषक आणला ते सामना सुरू झाला तेव्हा बाकावर होते. कॉलेजच्या प्रत्येक प्रशिक्षकाने बाकावरच्या मुलामुलींना ही गोष्ट एकदा तरी सांगावी.

आता बुटांकडे येऊ.

सामना संपल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बुटांचं काय होतं, त्यावरून संघाची तयारी कळते. बहुतेक मुलं ओले बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबतात, पिशवीला गाठ मारतात आणि पिशवी थेट पुढच्या सरावाला उघडतात. तोवर आत बुरशी धरलेली असते, सोलचा गोंद फुगलेला असतो आणि पुढच्या टोकाशी बुटाने तोंड उघडलेलं असतं. खरं तर काम पंधरा मिनिटांचं आहे. आधी दोन बुटांचे तळवे एकमेकांवर आपटून चिखल झाडायचा. नळाखाली साध्या पाण्याने धुवायचं आणि स्टडच्या मुळाशी जुना टूथब्रश फिरवायचा. नाड्या पार सैल करून जीभ बाहेर ओढायची, आतला इनसोल काढून वेगळा वाळत घालायचा. मग वर्तमानपत्राचा एकेक कागद चुरगळून टोकापासून टाचेपर्यंत ठासायचा. एका बुटाला तीन-चार कागद लागतात. तास-दीड तासाने ते ओलेचिंब झालेले असतात, ते काढून नवे भरायचे. रात्री झोपताना तिसऱ्यांदा. पंख्याखाली ठेवायचे. गॅसच्या शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरखाली ठेवले की कातडं आखडतं आणि गोंद सुटतो. एवढं करूनही ऑगस्टच्या हवेत बूट पुरता वाळायला चोवीस तास धरावेत. म्हणूनच एक महागडा जोड घेण्यापेक्षा दोन साधे जोड आलटून पालटून वापरणारा मुलगा शहाणा.

नवीन बूट सामन्याच्या आठवड्यात घेऊ नयेत. दोन-तीन आठवडे सरावात घालून ते पायाला बसले पाहिजेत. घेताना खेळायचे मोजे घालून, संध्याकाळी मापावेत, कारण दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे साधारण एका नखाएवढी जागा हवी. त्याहून घट्ट असेल तर थांबताना प्रत्येक वेळी नख टोकावर आपटतं, आत रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. त्याहून सैल असेल तर चिखलात पाय बुटात फिरतो आणि टाचेला फोड येतो. आणखी एक जुनी युक्ती कधीही चुकत नाही. नवा बूट आणला की स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडून सोलच्या कडेने चारही बाजूंना शिवण मारून घ्यायची. कारखान्यातला गोंद पावसाळाभर टिकेलच असं नाही, मेणाच्या दोऱ्याची शिवण टिकते.

स्टडचा प्रश्न वेगळा. दुकानात सगळ्यात जास्त मिळतात ते कोरड्या, घट्ट मैदानासाठीचे आखूड, साच्यातच ओतलेले स्टड. त्यांची संख्या जास्त, म्हणून दोघांमधल्या जागा लहान, आणि त्या जागांत चिखल बसला की दहा मिनिटांत तळवा सपाट होतो. मग मुलगा बर्फावर उभा असल्यासारखा घसरतो. खोल चिखलासाठी सहा लांब, पेचाचे स्टड असतात, पुढे चार आणि मागे दोन. ते मातीत रुततात आणि जागा मोकळ्या असल्याने चिखल आपोआप गळतो. पण तेच बूट घालून पावसाने उघडीप दिलेल्या, टणक झालेल्या मैदानावर उतरलं तर सगळं वजन सहा टोकांवर येतं आणि वळताना पाय अडकून गुडघा पिळवटतो. दोन्ही जोड जवळ नसतील तर आखूड स्टडच्या तळव्यावर, मधल्या जागांत व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. चिखल कमी चिकटतो. मध्यंतराला काडीने तळवा कोरून काढायचा हे काम बाकावरच्या एकाला नेमून द्यावं.

पायांचं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे चिखल्या. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, मग सोलते, मग चिरा पडतात. शेतात राबणाऱ्या माणसाला हा शब्द सांगावा लागत नाही. शहरातली मुलं मात्र ते अंगावर काढतात, आणि तिसऱ्या सामन्यापर्यंत पाऊल टेकवणंसुद्धा नकोसं होतं. बेचकं दुखत असताना चालणारा माणूस पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देतो, आणि तसा भार देणारा घोटा मुरगळायला टपलेलाच असतो. इलाज स्वस्त आहे. सराव संपल्यावर पाय धुवून प्रत्येक बेचकं फडक्याने कोरडं करायचं, सुती मोजे घालायचे, घरी गेल्यावर पाय उघडे ठेवायचे. कातडी पांढरी दिसायला लागली की बुरशीवरची पावडर किंवा मलम, आणि खाज थांबली म्हणून ते मध्येच सोडायचं नाही. बूट, मोजे आणि टॉवेल एकमेकांना द्यायचे नाहीत. मैत्री कितीही असली तरी नाहीच.

पायाला खरचटलेलं असताना साचलेल्या, गटाराच्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते. ते दुखणं जिवावर बेतू शकतं. अशा मुलाने ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावं. प्रतिबंधाचं औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. संघाच्या पेटीत जंतुनाशक, निर्जंतुक कापसाच्या घड्या, चिकटपट्टी आणि थोडा साबण असला तर मैदानावरच जखम धुता येते.

मोज्यांबद्दल दोन गोष्टी. पातळ दोन मोजे एकावर एक घातले तर घर्षण त्या दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर होत नाही, आणि फोड टळतात. मध्यंतराला कोरडा जोड चढवायचा, तो सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा. शिन पॅड, म्हणजे नडगीवरचं कवच, सरकू नये म्हणून मोज्यावरून चिकटपट्टी गुंडाळतात, पण नियमाप्रमाणे ती मोज्याच्याच रंगाची असावी लागते. निळ्या मोज्यावर पांढरी पट्टी दिसली तर पंच खेळाडूला बाहेर पाठवून ती बदलून यायला सांगू शकतात, आणि तेवढा वेळ संघ दहा जणांचा होतो. वीस रुपयांच्या पट्टीपायी गोल खायचं कारण नाही.

घोट्याकडे मात्र जरा थांबून बघायला हवं, कारण कॉलेजचे मोसम सगळ्यात जास्त तिथेच तुटतात.

पाय आत वळून घोटा मुरगळला की पहिल्या पाच मिनिटांत तीन माणसं तीन सल्ले देतात. एक म्हणतो चालून बघ, दुसरा म्हणतो मूव्ह मलम लावून चोळ, तिसऱ्याच्या ओळखीचा हाडवैद्य असतो. यातलं काहीच करू नये. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची टेकाडं असतात, त्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा मुलाला चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. तसं नसेल तर बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं लावायचा, थेट कातडीवर ठेवायचा नाही. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर पोटरीकडे बांधत न्यायचं, आणि पाय हृदयाच्या पातळीच्या वर ठेवायचा. बँडेजखाली बोटं थंड किंवा निळसर झाली तर ते घट्ट झालंय, सोडून परत बांधायचं. पहिले दोन-तीन दिवस चोळणं, शेकणं, दारू हे तिन्ही बंद, कारण तिन्हींनी आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला, हा समज सगळ्यात महागात पडतो. अस्थिबंध ताणला गेला की तोल सांभाळणारी जाणीवही मंदावते. पाय वेडावाकडा पडतोय हे स्नायूंना उशिरा कळतं, आणि म्हणूनच एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मैदानात परत घ्यायच्या आधी साध्या परीक्षा घ्याव्यात. डोळे मिटून एका पायावर ३० सेकंद उभा राहतो का? त्याच पायावर दहा लंगड्या उड्या मारताना चेहरा बदलतो का? आठच्या आकड्यात धावताना दुखऱ्या बाजूच्या वळणाला वेग कमी करतो का? चेहरा खोटं बोलत नाही. मुलगा मात्र बोलतो, त्याला खेळायचं असतं. उपांत्य सामन्याला लंगडत "सर, काही नाही झालंय" म्हणणाऱ्या मुलाला बाकावर बसवणं हे प्रशिक्षकाच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि विजेत्या संघांच्या मोसमात ते एकदा तरी झालेलं असतं.

दुखापत होऊच नये यासाठी फिफाच्या वैद्यकीय विभागाने २००६ मध्ये तयार केलेला ११ प्लस हा सराव अजूनही सगळ्यात भरवशाचा वाटतो. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. आठ मिनिटं हळू धावणं आणि अंगाची हालचाल, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगाने धावणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून किमान दोनदा करायचा, सामन्याच्या दिवशी मधला भाग वगळून फक्त धावण्याचे दोन. नियमाने केला तर दुखापती साधारण ३० ते ५० टक्क्यांनी कमी होतात, असं अभ्यासांतून दिसलं आहे. अडचण एवढीच की तो कंटाळवाणा आहे, आणि तिसऱ्या आठवड्यात मुलं सरळ बॉल मागतात.

त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम तर पावसाळ्यात सोडूच नये. चिखलात पाय मागे घसरतो तेव्हा सगळा ताण तिथेच येतो. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने दोन्ही घोटे जमिनीला दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे झुकत जायचं. तोल सुटला की हातांवर पडायचं. सुरुवातीला ३ ते ५ वेळा, मग ७ ते १०, शेवटी १२ ते १५. कंबर मागे काढली की व्यायाम फुकट गेला, आणि निम्मी मुलं कंबर मागे काढतात. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो, म्हणून हा व्यायाम सामन्यांच्या निदान महिनाभर आधी सुरू करावा. मैदान ओलं असेल तर जिमखान्यातली सतरंजी पुरते. मुलींच्या संघांनी उडीवरून उतरताना गुडघे आत वळत नाहीत ना, हे रोज एकमेकींचं बघावं. गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन ते तीनपट असतो, आणि तो तुटला की मैदानात परतायला नऊ महिने तरी जातात.

रात्रीच्या टर्फबद्दलही बोलायला हवं. ठाण्यात घोडबंदर रोडपासून इकडे खारघरपर्यंत जाळीतली कृत्रिम टर्फ झाली आहेत. पावसातही ती लवकर कोरडी होतात, दिवे असतात, तासाच्या भाड्यात आठ-दहा मुलं खेळतात. चेंडू पायाशी ठेवायला, लहान जागेत वळायला ती उत्तम. पण तिथे ऑफसाइड नाही, चाळीस मीटरचा पास नाही आणि जमीन कडक. दिवसा मैदानावर सराव केलेला मुलगा रात्री अकराला टर्फवर आणखी दीड तास खेळतो, तेव्हा त्याच्या नडगीला आणि टाचेला तो दुसरा सराव वेगळा कळत नाही, बेरीजच कळते. स्पर्धेच्या पंधरवड्यात टर्फ बंद, हे संघाने आपापसात ठरवून घ्यावं. आणि टर्फवर लांब पेचाचे स्टड घालून तर कधीच जाऊ नये.

याच महिन्यांत गोकुळाष्टमी येते. ठाण्यात दहीहंडी म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या संघातली काही मुलं गोविंदा पथकात असतातच, त्यांच्या आळीचं, गावठाणाचं पथक असतं, काका-मामा त्यातच वाढलेले असतात. त्यांना मनाई करून उपयोग होत नाही आणि ते बरंही दिसत नाही. पण सरांनी पथकाच्या दादाशी आधी बोलून ठेवलं तर पोरगा वरच्या थरात किंवा एकदम तळाच्या भाराखाली जात नाही, दोर धरायला, बाहेरच्या कड्यात उभा राहतो. हे जमतं, आणि सण घरचाच राहतो.

मैदान हा पायांचा दुसरा अर्धा भाग. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या भराव टाकलेल्या सखल जमिनीवर आहे. पाणी अडवायला सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला खाडीत सोडलं जातं. मोठ्या भरतीच्या वेळीच जोराचा पाऊस झाला तर सखल सेक्टरमधल्या मैदानाचं पाणी हलत नाही. सरावाची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायची सवय मला फार मोलाची वाटते. वर मुरूम आणि खाली चिकणमाती असेल तर वरचा थर लापशीसारखा होतो. गोलपोस्टसमोर तर हमखास. तिथे आणखी मुरूम ओतू नये, त्याचाही चिखलच होतो. साचलेलं पाणी स्पंजने, वायपरने काढावं, पहारीने हातभर अंतरावर १०-१५ सेंटीमीटर खोल भोकं पाडावीत आणि वर जाड रेती टाकावी. रेषा फक्कीने आखाव्यात. चुना वापरला तर ओल्या कातडीला आणि डोळ्यांना भाजतं, पडलेल्या खेळाडूच्या तोंडाशीच रेष असते.

गणपतीनंतर मैदानावरचे मंडप निघतात आणि बांबूंची भोकं, खिळे, तारेचे तुकडे मागे राहतात. वर पाणी साचलं की भोक दिसतही नाही. सरावाआधी सगळ्यांनी हाताला हात लावून एका रांगेत मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जावं, डोळे खाली. दहा मिनिटं जातात. बांबूच्या एका भोकात अडकलेला पाय अख्खा मोसम घेऊन जातो.

सामन्याला पाऊण तास आधी पोचून मैदान चालून बघणारा संघ पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखू येतो. चेंडू डोक्याएवढ्या उंचीवरून सोडून बघायचा. उसळला नाही तर त्या पट्ट्यातून जमिनीवरचा पास द्यायचा नाही, तो मध्येच मरतो आणि समोरच्या संघाच्या पायात जातो. डाव्या बाजूला पाणी असेल तर हल्ला उजवीकडून. चेंडूचा दाब नियमात ०.६ ते १.१ वातावरण एवढा मोकळा दिलेला आहे, त्यामुळे ज्या दाबाचा चेंडू सामन्यात येणार त्याच दाबाचा सरावात ठेवावा. साधा दाबमापक जवळ असावा, आणि पिन आत घालताना ओली करावी, नाहीतर वॉल्व फाटतो.

नाणेफेक जिंकणाऱ्याला २०१९ पासून बाजू किंवा किक-ऑफ, दोन्हींतलं एक निवडता येतं. पावसात बहुधा बाजूच घ्यावी. उत्तरार्धात मैदान आणखी उखडलेलं असतं, तेव्हा कमी खराब गोलपोस्टसमोर आपला गोली उभा राहील असं बघावं. गोलीने दोन जोड हातमोजे ठेवावेत, घालायच्या आधी तळवा पाण्याने ओला करावा, चिखल लागला की जाळीला बांधलेल्या टॉवेलला पुसावा. जमिनीलगत आलेला फटका ओल्या मातीवर टप्पा घेतो तेव्हा वेग वाढल्यासारखा येतो. नुसते हात पुढे केले तर चेंडू निसटतो, मागे गुडघा किंवा छाती हवी. आणि २०२५ पासून गोलीने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. पंच शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजतात. जुन्या सवयीने निवांत चालणारे गोली अजून इथे चुकतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. जेवण सामन्याच्या तीन तास आधी, वरणभात किंवा पोहे, तासभर आधी केळं. स्टेशनवरचा वडापाव सामन्यानंतर. पावसात तहान जाणवत नाही पण घाम जातोच, म्हणून उत्तरार्धात पोटऱ्यांत गोळे येतात. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. गोळा आलाच तर गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढायचं, ठोसे मारायचे नाहीत. सामना मुंबईत असेल तर पनवेलहून सीएसएमटीला सव्वा तास-दीड तास उभ्याने जाण्यात पायांची निम्मी ताकद जाते. दोन गाड्या आधीची पकडून बसून जावं, आणि रविवार असेल तर मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवावा. ओळखपत्रं, पात्रतेचे अर्ज आणि बोनाफाइड एका जाड फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या आवरणात, एकाच जबाबदार मुलीकडे किंवा मुलाकडे असावेत. कागद भिजला म्हणून वॉकओव्हर देणारे संघ असतात, आणि त्यांचे छत्तीसही पाय त्या दिवशी धड असतात.

ऑक्टोबरच्या सामन्यांना विजांची भीती असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला तर सगळ्यांनी पक्क्या छताखाली जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं मैदानात यायचं नाही. झाडाखाली तर नाहीच. यात कुठल्याही चषकासाठी तडजोड नाही.

आणि मग पेनल्टी. चिखलातले सामने बरोबरीत सुटतात, कारण दोन्ही संघ चेंडू गोलपर्यंत नेतानाच थकतात. अकरा मीटरवरून मारताना सगळं लक्ष मारणाऱ्या पायावर असतं, पण गोल होतो तो टेकलेल्या पायावर. तो चेंडूच्या बाजूला वीतभर अंतरावर, बोटं गोलकडे करून पडायला हवा. पाच-सहा जणांनी मारल्यावर नेमकी तीच जागा उखडलेली असते. म्हणून सरावात मुद्दाम पाणी ओतून खराब केलेल्या जागेवरून मारावं, धाव कमी ठेवावी, शेवटचं पाऊल आखूड टाकावं. टेकलेला पाय घसरून चेंडू दुसऱ्या पायालाही लागला तर काय, याचं उत्तर २०२५ मध्ये स्पष्ट झालं. ते अनवधानाने झालं असेल आणि गोल झाला असेल, तर किक परत घ्यायची. गोल झाला नसेल तर शूटआउटमध्ये ती वाया गेली. हे मारणाऱ्या पाचही जणांना आधीच माहीत असावं, म्हणजे घसरल्यावर तो गोंधळून पंचांकडे धावत नाही, परत चेंडू ठेवायला जातो.

चषक आला की दोन दिवस गुलाल, ढोल, प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोटो. विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीला ज्यांना जायचं असतं त्यांचे बूट त्याच रात्री धुवून, कागद भरून पंख्याखाली ठेवलेले असतात. बाकीच्यांनी दोन आठवडे पाय मोकळे सोडावेत, दुखऱ्या घोट्याचे तोलाचे व्यायाम मात्र चालू ठेवावेत. फोड आठवड्यात भरतात, बेचक्यातली कातडी महिन्यात नवी येते. काळं पडलेलं अंगठ्याचं नख तेवढं सावकाश सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत पुरतं नवं व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. पुढच्या जुलैत नव्या मुलांची चाचणी सुरू होते, कर्णधार मैदानाच्या कडेला बसून मोजे चढवत असतो, तेव्हा त्याच्या नखाच्या टोकाशी मागच्या अंतिम सामन्याचा डाग अजून शिल्लक असतो.